अपग्रेड अर्ध्यावर कोसळलं, तर आधी टप्पा ओळखा

१४ ऑक्टोबर २०२५ला मायक्रोसॉफ्टने विंडोज १०चा नेहमीचा आधार थांबवला. तेव्हापासून घरातले, दुकानातले, सीएंच्या कार्यालयातले, डीटीपी करणाऱ्यांचे कितीतरी संगणक विंडोज ११कडे निघाले आहेत. बरेचसे सुखरूप पोचतात. काही मात्र वाटेत कोसळतात. कुठे टक्केवारी साठ-सत्तरवर येते आणि स्क्रीन काळी पडते, कुठे निळ्या पडद्यावर एखादा इंग्रजी शब्द झळकून मशीन पुन्हा सुरू होतं. कुठे दोन तासांनी विंडोज १०च परत समोर उभी राहते आणि कोपऱ्यात एक अगम्य कोड दिसतो.

यानंतर साधारण दोनच गोष्टी होतात. माणूस पुन्हा तेच बटण दाबतो, तेही काहीही न बदलता. किंवा मशीन दुकानात जातं आणि तिथून उत्तर येतं, "फॉरमॅट मारावा लागेल." दोन्ही टाळा, असं मला कळकळीनं सांगायचं आहे. बिघडत चाललेल्या डिस्कवर तोच प्रयत्न पुन्हा केला, तर कालपर्यंत उघडणारी फाइल उद्या उघडेनाशी होऊ शकते. आणि दोष रॅममध्ये किंवा वीजपुरवठ्यात असेल तर फॉरमॅट करूनही तो जागच्या जागीच राहतो. अपग्रेड ठरलेल्या टप्प्यांनी पुढे जातं आणि ते कोणत्या टप्प्यावर थांबलं हे मशीन सांगतं. तो टप्पा कळला की संशयित मोजकेच उरतात. त्यातली एक गोष्ट बदलायची आणि मगच पुढचा प्रयत्न करायचा.

फायली आणि चावी

मशीन अजून विंडोज १०मध्ये उघडत असेल, तर दुरुस्तीला हात घालण्याआधी फायली बाहेर काढा. बाहेरची हार्ड डिस्क किंवा मोठा पेनड्राइव्ह घ्या आणि डेस्कटॉप, डाउनलोड्स, डॉक्युमेंट्स, फोटो हे सगळं त्यावर उतरवा. त्यातल्या दोन-चार फायली दुसऱ्या संगणकावर उघडून पाहा. नुसतं नाव दिसणं म्हणजे प्रत झाली असं नव्हे. वनड्राइव्ह वापरत असाल तर ढगाची खूण असलेल्या फायली तुमच्या डिस्कवर नसतात. त्या आधी उतरवून घ्याव्या लागतात.

मराठीत टंकलेखन करणाऱ्यांसाठी एक वेगळी सूचना. युनिकोड येण्याआधीच्या फाँटमध्ये केलेल्या पत्रिका, अंक, पुस्तकं फाँटशिवाय उघडली तर नुसती चिन्हांची रांग दिसते. म्हणून फाँट्सचं फोल्डर, श्रीलिपी किंवा आयएसएमसारख्या सॉफ्टवेअरची मूळ इन्स्टॉलर फाइल आणि परवान्याचा क्रमांक हेही त्याच डिस्कवर ठेवा. अशा फायलींची एक पीडीएफ प्रत काढून ठेवली तर निदान छापील रूप तरी हाती राहतं.

दुसरी गोष्ट बिटलॉकरची चावी. बऱ्याच नव्या लॅपटॉपमध्ये डिस्क आपोआप कुलूपबंद, म्हणजे एन्क्रिप्ट केलेली असते आणि मालकाला त्याचा पत्ताही नसतो. अपग्रेड बिघडलं किंवा बायोसमधली एखादी सेटिंग बदलली की मशीन एकदम ४८ अंकी रिकव्हरी की मागतं. ती नसेल तर डिस्क धडधाकट असूनही आतलं काही हाती लागत नाही. ही चावी सहसा मायक्रोसॉफ्ट खात्याच्या पानावर, तुमच्या उपकरणांच्या यादीत साठवलेली असते. अडचण अशी की लॅपटॉप विकताना काही दुकानदार घाईत स्वतःच्याच ई-मेलने खातं उघडून देतात आणि चावी त्या खात्यात जाऊन बसते. आजच सेटिंग्ज उघडा, कोणत्या ई-मेलने आत शिरला आहात ते पाहा आणि ते ४८ अंक कागदावर उतरवून घ्या. मोबाइलमध्ये फोटो काढून ठेवला तरी चालेल, पण त्याच लॅपटॉपवर ठेवू नका.

कोसळलं म्हणजे नेमकं काय झालं?

"अपग्रेड करताना बंद पडला" या एका वाक्यात चार वेगळे आजार असू शकतात. कोणताही संदेश न येता दिवे जावेत तसं मशीन झटक्यात बंद होणं हा पहिला. निळा पडदा येणं हा दुसरा. विंडोज ११च्या अलीकडच्या आवृत्त्यांमध्ये तो पडदा काळा असतो. त्यावर थांबण्याचं कारण सांगणारा एक कोड असतो. तिसरा प्रकार हँग होण्याचा: पडदा आहे, टक्केवारी आहे, पण हालचाल नाही. चौथ्यात सेटअप स्वतःच माघार घेतो, "अनडूइंग चेंजेस" असं दाखवतो आणि जुन्या विंडोजवर परत येतो. दिसायला हा अपयशाचाच प्रकार, पण चौघांत सगळ्यात कमी धोक्याचा, कारण सेटअपने अडचण ओळखून तुमची जुनी व्यवस्था जागेवर ठेवलेली असते.

म्हणून अपग्रेड चालू असताना मोबाइल जवळ ठेवा आणि पडद्यावर काही वेगळं दिसलं की लगेच फोटो घ्या. निळा पडदा काही वेळा चार-पाच सेकंदांतच जातो. किती वेळा रिस्टार्ट झाला हेही लिहून ठेवा. टक्केवारीपेक्षा ही नोंद जास्त उपयोगी पडते.

हँग झाल्यासारखं वाटलं तर घाई नको. जुन्या, फिरत्या हार्ड डिस्कवर एकच आकडा तासभर हलत नाही आणि तरी काम चालू असतं. डिस्कचा छोटा दिवा लुकलुकत असेल, तर मी रात्रभरसुद्धा हात लावू नका असंच सांगेन. दिवा पूर्ण शांत आहे, पंखा एकाच लयीत आहे आणि तीन-चार तास काहीच बदललेलं नाही, अशा वेळीच पॉवरचं बटण दहा सेकंद दाबून धरा.

झटक्यात बंद पडत असेल तर

हा भाग सविस्तर लिहितो, कारण आपल्याकडे दोष इथे असण्याची शक्यता खूप असते आणि लोक शोधतात मात्र सॉफ्टवेअरमध्ये. पाणी भरल्याशिवाय माठ गळतो की नाही ते कळत नाही. संगणकाचंही तसंच आहे. रोजचं टायपिंग, व्हॉट्सअ‍ॅप, बिलं एवढ्यावर प्रोसेसर निवांत असतो. अपग्रेडमध्ये अनेक गिगाबाइटच्या फायली उलगडायच्या असतात, तपासायच्या असतात आणि डिस्कवर लिहायच्या असतात. प्रोसेसर, रॅम आणि डिस्क तिन्ही तासन् तास एकत्र राबतात आणि जुना कमकुवतपणा तेव्हा उघडा पडतो.

आधी वीज पाहा. तुमचा संगणक घरच्या इन्व्हर्टरवर असेल तर त्याच्या मागचं बटण तपासा. बऱ्याच इन्व्हर्टरना दोन मोड असतात, एक साधा किंवा इको आणि दुसरा यूपीएस. साध्या मोडमध्ये वीज गेल्यावर बॅटरीवर जाताना जो क्षण लागतो, तेवढ्यात डेस्कटॉप रिस्टार्ट होऊ शकतो. पंखे आणि ट्यूबलाइट चालू राहतात, म्हणून वीज गेली होती हे कुणाच्या लक्षातही येत नाही. बटण यूपीएस मोडवर आणा किंवा संगणकाला स्वतंत्र यूपीएस द्या. यूपीएसची बॅटरी जुनी झाली असेल तर आधी एकदा मुद्दाम भिंतीवरचं बटण बंद करून ती मशीन किती मिनिटं पेलते ते पाहा. ही चाचणी अपग्रेड सुरू करण्यापूर्वी करायची. पावसाळ्यात ज्यांच्याकडे दिवसातून चार वेळा वीज जाते, त्यांनी अपग्रेडला ती कमी जाते अशी वेळ निवडावी.

लॅपटॉपची बॅटरी मेलेली असेल तर तो फक्त चार्जरवर जगत असतो. पिन जराशी हलली की सगळं संपलं. असा लॅपटॉप अपग्रेड होत असताना टेबलावरून हलवू नका, चार्जरची वायर कुणाच्या पायात येणार नाही अशी लावा आणि जमलं तर आधी बॅटरी बदला.

मग उष्णता. पंख्याच्या जाळीत साचलेली धूळ आणि प्रोसेसरवरची वाळलेली थर्मल पेस्ट ही पाच-सहा वर्षं वापरलेल्या मशीनची नेहमीची दुखणी. एचडब्ल्यूइन्फो किंवा एचडब्ल्यूमॉनिटरसारखा मोफत प्रोग्रॅम तापमान दाखवतो. तो चालू ठेवून एखादं जड काम द्या. मोठ्या व्हिडिओचं रूपांतर करायला लावा किंवा मोठी झिप फाइल उलगडा. प्रोसेसर ९०-९५ अंशांच्या पुढे जाऊन तिथेच टिकून राहिला, किंवा या कामातही मशीन तसंच बंद पडलं, तर विंडोज ११ला दोष देण्यात अर्थ नाही. आधी साफसफाई आणि नवी पेस्ट. ब्लोअरने हवा मारताना पंख्याचं पातं बोटाने धरून ठेवा, नाहीतर ते भलत्याच वेगाने फिरून खराब होतं. एप्रिल-मेमध्ये पत्र्याखालच्या दुकानात भर दुपारी अपग्रेड लावू नका. पहाटे लावा, आणि लॅपटॉप गादीवर किंवा उशीवर ठेवू नका.

डेस्कटॉप तापतही नाही, वीजही ठीक आहे आणि तरी तो झटक्यात बंद होतो, तर संशय आतल्या पॉवर सप्लायवर, ज्याला दुकानात एसएमपीएस म्हणतात, त्यावर घ्यावा. दुसरा, चांगला चालणारा एसएमपीएस तासभर लावून पाहणं हीच त्याची खरी परीक्षा.

विंडोज १० पडद्यावर चालू असतानाच मशीन बंद पडलं असेल, तर एक पुरावा इव्हेंट व्ह्यूअरमध्येही सापडतो. स्टार्टमध्ये हे नाव टाइप करा, विंडोज लॉग्जमधलं सिस्टीम उघडा आणि कर्नल-पॉवर ४१ ही नोंद शोधा. तिच्या तपशिलात बगचेककोड या शब्दापुढे शून्य असेल, तर विंडोजला स्वतःहून थांबायला वेळच मिळाला नाही. म्हणजे वीज तुटली, मशीन पूर्ण गोठलं किंवा कुणीतरी बटण दाबून ते बंद केलं. शून्याऐवजी दुसरा आकडा असेल तर निळा पडदा आला होता आणि शोध ड्रायव्हर, रॅम, डिस्क यांच्याकडे वळवायचा.

चार टप्पे आणि कोडचा पहिला आकडा

पहिला टप्पा विंडोज १०च्या आतच घडतो. सेटअप मशीन तपासतो, फायली उतरवतो, जागा मोजतो. दुसरा टप्पा पहिल्या रिस्टार्टनंतरचा. इथे जुनी विंडोज चालू नसते, एका छोट्या तात्पुरत्या व्यवस्थेतून नव्या विंडोजची मांडणी होते. तिसऱ्या टप्प्यात नवी विंडोज पहिल्यांदा स्वतःच्या पायावर उभी राहते आणि तुमच्या यंत्राचे ड्रायव्हर चालवून पाहते. चौथ्यात तुमची खाती, सेटिंग्ज आणि प्रोग्रॅम नव्या घरात आणले जातात.

माघार घेतल्यावर सेटअप जो कोड दाखवतो, त्याचे बहुधा दोन भाग असतात आणि मध्ये रेघ असते. पडद्यावर तो रोमन अक्षरांत दिसेल. इथे देवनागरीत लिहायचा तर ०एक्ससी१९००१०१ – ०एक्स२००१७ असा. पहिला भाग नेहमी भेटणारा आहे, त्याचा अर्थ अपग्रेड उलटवलं गेलं, आणि त्यामागे बहुतेक वेळा ड्रायव्हर असतो. दुसऱ्या भागात एक्सनंतरचा पहिला आकडा हा टप्प्याचा क्रमांक. वरच्या उदाहरणात तो २ आहे, म्हणजे दुसरा टप्पा. ०एक्स३००१८ असेल तर तिसरा. ०एक्स४०००डी असेल तर चौथा, तोही नेमका माहिती स्थलांतरित करताना.

पहिल्या टप्प्यातच अडलं तर पाहायच्या गोष्टी साध्या आहेत. ०एक्स८००७००७० म्हणजे डिस्कवर जागा नाही. सी ड्राइव्हवर किमान ३० जीबी मोकळी ठेवा असं मी म्हणेन. ०एक्ससी१९००२०८ म्हणजे एखादा प्रोग्रॅम नव्या विंडोजशी जुळत नाही. इथेच विंडोजच्या स्वतःच्या फायली खराब असल्याचंही उघड होतं. कमांड प्रॉम्प्ट अ‍ॅडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडून आधी डिसमची रिस्टोअरहेल्थ आज्ञा चालवा आणि ती पूर्ण झाल्यावर एसएफसीची स्कॅननाऊ. क्रम महत्त्वाचा आहे, कारण एसएफसी ज्या साठ्यातून चांगल्या फायली घेते, तो साठा डिसम दुरुस्त करतं.

दुसऱ्या टप्प्यात अडलं तर मशीनला जोडलेल्या वस्तू आणि डिस्क यांच्याकडे बघा. पेनड्राइव्ह, मेमरी कार्ड, प्रिंटर, यूएसबी हब, दुसरा मॉनिटर, बाहेरची हार्ड डिस्क, सगळं काढा. कीबोर्ड, माउस आणि एक पडदा पुरे. इथे आणखी एक गोष्ट सहसा कुणी तपासत नाही. मदरबोर्डवरचा नाण्याएवढा सेल, सीआर२०३२, संपत आला की वीज काढल्यावर बायोसच्या सेटिंग्ज मूळ जागी जातात. डिस्क ज्या पद्धतीने जोडलेली होती ती सेटिंगही बदलू शकते आणि विंडोजला स्वतःचीच डिस्क सापडेनाशी होते. निळ्या पडद्यावर "इनअ‍ॅक्सेसिबल बूट डिव्हाइस" दिसत असेल आणि मशीनची तारीखही वारंवार चुकत असेल, तर आधी तो सेल बदला आणि मग बायोसमधली साटा मोडची सेटिंग पूर्वीसारखी करा.

तिसऱ्या टप्प्यात दोष बहुधा ड्रायव्हरचाच असतो. चौथ्यात ड्रायव्हरही असू शकतो, पण खराब झालेलं वापरकर्ता खातंही असतं. नवं अ‍ॅडमिनिस्ट्रेटर खातं उघडून त्यातून अपग्रेड चालवलं तर काही वेळा काम होतं. जुनी, कुणी वापरत नाही अशी खाती आधी काढून टाका, मात्र त्यांतल्या फायली बाहेर काढल्यावरच.

कोड समजलाच नाही तर सेटअपडायग हे मायक्रोसॉफ्टचं मोफत साधन मदतीला आहे. विंडोज १०च्या नंतरच्या आवृत्त्यांपासून ते सेटअपच्या आतच असतं आणि अपयशानंतर आपोआप चालतं. सी ड्राइव्हवरच्या विंडोज फोल्डरमध्ये लॉग्ज, त्यात सेटअपडायग असं फोल्डर मिळेल. आतली निकालाची फाइल नोटपॅडमध्ये उघडते आणि पुष्कळदा दोषी ड्रायव्हरचं नावच त्यात लिहिलेलं असतं. दुकानात मशीन नेणार असाल तर ही फाइल आणि पडद्याचे फोटो सोबत न्या. चांगल्या तंत्रज्ञाचं निम्मं काम त्यानेच होतं.

ड्रायव्हरची झडती

ड्रायव्हर म्हटलं की लोकांना ग्राफिक्स कार्ड आठवतं. पण विंडोजच्या गाभ्यात शिरून बसणारे आणखी बरेच जण असतात. बाहेरचा अँटिव्हायरस, व्हीपीएन, खोटी सीडी ड्राइव्ह दाखवणारे प्रोग्रॅम, आणि आपल्याकडे हमखास सापडणारे दोन म्हणजे जुन्या सॉफ्टवेअरच्या डाँगलचे ड्रायव्हर आणि ई-टेंडर, जीएसटीसाठी वापरायच्या डिजिटल सहीच्या टोकनचं सॉफ्टवेअर. छापखान्यात, वास्तुविशारदाच्या कार्यालयात, हिशेबनीसाच्या टेबलावर दहा-बारा वर्षांपूर्वीचा डाँगल अजून चालू असतो. त्याचा ड्रायव्हर विंडोज ७च्या काळातला असू शकतो. डाँगल नुसता उपटून भागत नाही, कारण ड्रायव्हर आतच राहतो. तो कंट्रोल पॅनेलमधून काढा, आणि त्याआधी त्या सॉफ्टवेअरच्या कंपनीला दोन गोष्टी विचारा: विंडोज ११साठी नवा ड्रायव्हर आहे का, आणि परवाना पुन्हा चालू करून मिळेल का. उत्तर "नाही" असेल तर ते मशीन विंडोज १०वरच ठेवून इंटरनेटपासून तोडलेलं बरं. ज्यावर धंदा चालतो ते सॉफ्टवेअर अपग्रेडपायी गमावू नका.

अँटिव्हायरस नुसता बंद करू नका, काढून टाका. बहुतेक कंपन्या त्यासाठी स्वतंत्र रिमूव्हल टूल देतात, तेच वापरा. दरम्यान विंडोजचा स्वतःचा डिफेंडर काम बघतो.

जुन्या ड्रायव्हरची आगाऊ खबर मिळवण्याची एक चांगली जागा आहे. विंडोज सिक्युरिटी उघडा, डिव्हाइस सिक्युरिटीमध्ये कोअर आयसोलेशनकडे जा आणि मेमरी इंटिग्रिटीचं बटण पाहा. ते चालू करायचा प्रयत्न केला की न जुळणाऱ्या ड्रायव्हरची यादी विंडोज स्वतःच समोर ठेवते. त्या यादीतली नावं तुमच्या झडतीची सुरुवात.

नवे ड्रायव्हर लॅपटॉप किंवा मदरबोर्ड बनवणाऱ्या कंपनीच्या पानावरून, अचूक मॉडेल क्रमांक टाकून घ्या. "एका क्लिकमध्ये सगळे ड्रायव्हर" म्हणणारे प्रोग्रॅम टाळा. चुकीचा स्टोरेज ड्रायव्हर बसला तर होतं तेही जातं. बायोस अपडेट उपलब्ध असेल तर करावा, पण वीज भरवशाची असतानाच, आणि बिटलॉकर आधी तात्पुरता स्थगित करून.

इथे मायक्रोसॉफ्टच्या रोखून धरण्याबद्दल सांगायला हवं. एखाद्या यंत्रावर अपग्रेड कोसळतं हे कळलं की कंपनी त्या प्रकारच्या यंत्रांना विंडोज अपडेटमधून ते देणंच थांबवते. विंडोज ११ची २४एच२ ही आवृत्ती ऑक्टोबर २०२४मध्ये आली, तेव्हा आसुसच्या एक्स४१५केए आणि एक्स५१५केए या लॅपटॉपवर ती बसवताना निळा पडदा येत होता, म्हणून त्यांना ती रोखली गेली. त्याच आवृत्तीत वेस्टर्न डिजिटलच्या एसएन७७० आणि एसएन५८० या एसएसडींच्या २ टीबी मॉडेलवर निळे पडदे आले. कंपनीने नवं फर्मवेअर दिल्यावर ते थांबले. शेजाऱ्याला विंडोज ११ मिळाली आणि तुम्हाला मिळत नाही, तर त्यामागे असं कारण असू शकतं. पेनड्राइव्ह बनवून जबरदस्तीने ती बसवणं म्हणजे ती रोख ओलांडून नेमक्या त्याच अडचणीत शिरणं. महिना-दोन महिने थांबा आणि एसएसडीचं फर्मवेअर तेवढं पाहून घ्या.

अपात्र मशीनवर युक्त्या करून विंडोज ११ बसवणाऱ्यांनाही हेच सांगणं. टीपीएम २.०, सिक्युअर बूट आणि ठरावीक प्रोसेसर या अटी चुकवता येतात, पण २४एच२पासून प्रोसेसरमध्ये पॉपकाउंट नावाची सूचना असावीच लागते. कोअर २ ड्युओच्या काळातल्या बऱ्याच मशीनमध्ये ती नाही. तिथे विंडोज सुरूच होत नाही, नुसती रिस्टार्ट होत राहते आणि कोणतीही दुरुस्ती तिला उभी करू शकत नाही.

डिस्क आणि रॅम

क्रिस्टलडिस्कइन्फो हा मोफत प्रोग्रॅम डिस्कची तब्येत एका शब्दात सांगतो. तिथे "कॉशन" किंवा "बॅड" आलं तर अपग्रेडचा विचार सोडा, फायली काढा, नवी एसएसडी घ्या. फिरत्या डिस्कवरून एसएसडीवर गेलेल्या जुन्या मशीनचा वेगही लक्षणीय वाढतो, त्यामुळे हा खर्च मला कधीच वाया वाटत नाही. डिस्क संशयास्पद असताना चेकडिस्कची पूर्ण तपासणी चालवू नका. ती अख्खी डिस्क वाचून काढते आणि अशक्त डिस्क त्याच श्रमात दम तोडू शकते. आधी प्रत, मग चेकडिस्क.

रॅमसाठी विंडोज मेमरी डायग्नोस्टिक पुरेसं सुरुवातीचं साधन आहे. निळ्या पडद्यावरचा कोड प्रत्येक वेळी वेगळा येत असेल तर रॅमचा संशय बळावतो, ड्रायव्हरच्या बाबतीत कोड सहसा तोच तो येतो. दोन रॅम पट्ट्या असतील तर एकच ठेवून अपग्रेड करून पाहा, मग दुसरी.

पुढचा प्रयत्न, आणि मशीन उघडतच नसेल तर

झडती झाल्यावर पुन्हा प्रयत्न करताना विंडोज ११ची आयएसओ फाइल मायक्रोसॉफ्टच्या पानावरून उतरवा, तिच्यावर दोनदा क्लिक करून आतला सेटअप चालवा. अपडेट उतरवू का असं तो विचारेल, तिथे "आत्ता नको" निवडा. इंटरनेट काढून टाका. फायली आणि प्रोग्रॅम दोन्ही ठेवायचा पर्याय निवडला आहे ना, ते पुढे जाण्याआधी दोनदा वाचा. त्याआधी एमएसकॉन्फिगमधून मायक्रोसॉफ्ट सोडून इतर सेवा बंद करून मशीन सुरू केलं, तर आडकाठी आणखी कमी होते.

मशीन रिस्टार्टच्या फेऱ्यातच अडकलं असेल, तर सगळ्या बाहेरच्या वस्तू काढून सुरू करा. विंडोजचं चिन्ह दिसताच पॉवर बटण धरून बंद करा. असं दोन-तीनदा केलं की दुरुस्तीचा निळा मेनू येतो. तिथे आधी स्टार्टअप रिपेअर, मग जुन्या आवृत्तीकडे परत जाण्याचा पर्याय, मग सेफ मोड, या क्रमाने जा. "रीसेट"ला सगळ्यात शेवटी हात लावा, कारण फायली ठेवल्या तरी तो प्रोग्रॅम काढून टाकतो. मेनूच येत नसेल तर दुसऱ्या संगणकावर किमान ८ जीबीच्या पेनड्राइव्हवर विंडोजचं इन्स्टॉलेशन बनवा आणि त्यातून "रिपेअर युवर कॉम्प्युटर" निवडा. फायलींची प्रत आधी झालेली नसेल, तर उबुंटूसारखं लिनक्स पेनड्राइव्हवरूनच चालवून त्या बाहेर काढता येतात. डिस्कला बिटलॉकर असेल तर इथेही ती ४८ अंकी चावी लागेल.

कोरी विंडोज बसवायची वेळ केव्हा आली म्हणायचं? वीज, उष्णता, डिस्क आणि रॅम निर्दोष ठरली, ड्रायव्हर आणि अँटिव्हायरस काढून झाले, तरी अपग्रेड त्याच टप्प्यावर त्याच कोडने पडतं, तेव्हा. अशा वेळी दोष जुन्या विंडोजमध्ये साचलेल्या गाळात असतो. फुकटात अ‍ॅक्टिव्हेट करणारे प्रोग्रॅम चालवलेल्या किंवा कुणी कापून-छाटून हलक्या केलेल्या विंडोजवर तर मी अपग्रेडचा आग्रह धरणारच नाही, थेट कोरी आणि अस्सल प्रत बसवा.

अपग्रेड पार पडल्यावरही लगेच डिस्क साफ करू नका. जुनी विंडोज "विंडोज डॉट ओल्ड" या फोल्डरमध्ये १० दिवस राहते आणि तेवढ्या मुदतीत सेटिंग्जमधल्या रिकव्हरीतून परत जाता येतं. त्या दहा दिवसांत तुमची सगळी कामं एकदा करून पाहा: प्रिंटर, स्कॅनर, डिजिटल सही, मराठी कीबोर्ड, जुनी हिशेबाची फाइल, बँकेची वेबसाइट. आणि ज्यांचं मशीन यातून जाऊच शकणार नाही, त्यांनी विंडोज १०च्या विस्तारित सुरक्षा योजनेत नाव नोंदवावं. घरगुती वापरकर्त्यांना तिच्यातून १३ ऑक्टोबर २०२६पर्यंत सुरक्षा अपडेट्स मिळतात आणि नोंदणी विंडोज अपडेटच्या पानावरूनच, मायक्रोसॉफ्ट खात्याने होते.